शिकवणीची फी आणि शाळेचा कायदा

आमच्या वस्त्यांमधील पोरांच्या पाठीवर आज दोन दप्तरे आहेत. एक शाळेचे, दुसरे क्लासचे. शाळेच्या दप्तरातील पुस्तके सरकारने फुकट दिलेली. क्लासच्या दप्तरामागे मात्र आईने चार घरची धुणीभांडी करून भरलेली फी असते. विचारले तर तीच आई सांगते, ‘‘शाळेत काय शिकवतात हो? क्लास लावला म्हणून पोरगं वाचतंय तरी.’’ 2025 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार देशातील 27 टक्के विद्यार्थी खाजगी शिकवणी घेतात, शहरांत तर 31 टक्क्यांच्या आसपास. सरकारी शाळेचे अपयश असे घराघरांतून रोख वसूल केले जात आहे.

12 मार्च 1927 रोजी मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी शिक्षणखर्चावर बोलताना आकडाच मांडला होता : प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ 18 मुले चौथीपर्यंत पोहोचतात. आज मूल आठवीपर्यंत पटावर राहते हे खरे. पण मूल गळायचे थांबले आणि शिकणे गळू लागले, असे कितीतरी ठिकाणी झाले आहे. मग ती गळती बुजवायला शिकवणीवाला येतो, आणि ज्याच्या खिशात पैसा तोच ती बुजवू शकतो.

आम्ही वकिली करतो, म्हणून कायद्याचेच बोलू. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, 1 एप्रिल 2010 पासून लागू. त्याचे 24 वे कलम आपल्यातील किती जणांनी वाचले आहे? शिक्षकाने अभ्यासक्रम ठरल्या वेळेत पूर्ण करावा, प्रत्येक बालकाची शिकण्याची कुवत तपासावी आणि गरज असेल तिथे जादा शिकवावे, असे ते सांगते. म्हणजे जी वस्तू आपण क्लासवाल्याकडून विकत घेतो, ती द्यायला शाळा कायद्यानेच बांधलेली आहे! कलम 28 तर शिक्षकाला खाजगी शिकवणी घ्यायला सरळ मनाई करते. तरीही दिवसा वर्गात आणि संध्याकाळी स्वतःच्या ओट्यावर तीच मुले शिकवणारे गुरुजी आम्ही पाहिले आहेत.

पण गुरुजींना झोडपणे फार सोपे आहे. एकच शिक्षक दोन-दोन, चार-चार वर्ग सांभाळतो. कलम 26 म्हणते, मंजूर पदांच्या दहा टक्क्यांहून जास्त पदे रिक्त ठेवू नयेत. आपल्या तालुक्यात किती रिक्त आहेत ते कुणी विचारले? कलम 27 ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच शाळाबाह्य कामे मान्य केली आहेत. निवडणुकीचे काम म्हटले की मतदार यादीपासून सारे त्यात येते, ही त्या कलमातली फट. शिक्षक वर्गाबाहेर आणि मूल क्लासमध्ये, हे दोन्ही एकाच धोरणाचे परिणाम आहेत.

आता थोडे आपल्याच घरात पाहू. नगरपालिकेच्या शाळेत शिकून साहेब झालेली आमची पिढी त्या शाळेची पायरी पुन्हा चढली नाही. मुले इंग्रजी शाळेत, वर महागडे क्लास. ज्यांना अर्ज लिहिता येतो, अधिकाऱ्यासमोर उभे राहून बोलता येते, ते पालकच शाळेतून निघून गेले. मागे उरली ती ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही ती माणसे. फेब्रुवारी 2024 मध्ये राज्य सरकारने नियम बदलून खाजगी शाळांतील 25 टक्के राखीव जागांना कात्री लावली, तेव्हा पालक आणि कार्यकर्ते कोर्टात गेले आणि जुलै 2024 मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. ती लढाई योग्यच होती. पण तेवढी धावपळ जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी आपण केली काय?

विहारांमधून संध्याकाळच्या मोफत अभ्यासिका चालतात, त्या चालल्याच पाहिजेत. फक्त तिथल्या कार्यकर्त्यांनी एक वही ठेवावी. पाचवीच्या मुलाला भागाकार येत नाही, सातवीच्या मुलीला परिच्छेद वाचता येत नाही, हे नावानिशी लिहावे आणि ती वही शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावी. या समितीत 75 टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असावी, हे कलम 21 मध्येच आहे. प्रत्यक्षात कित्येक गावांत आमच्या भगिनींची सही घरी जाऊन घेतली जाते आणि सभा कागदावर होते. शाळेचा विकास आराखडा ही समिती करते, हेही त्यांना कुणी सांगत नाही. सही करण्याआधी इतिवृत्त वाचून दाखवा, एवढे म्हणायला त्यांना शिकवले तरी मुख्याध्यापकांची खुर्ची हलते.

समितीने ऐकले नाही तर कलम 32 आहे. जिल्हा परिषद किंवा नगरपालिका, जी स्थानिक प्राधिकरण असेल तिच्याकडे लेखी तक्रार करायची. तीन महिन्यांत निर्णय देणे तिच्यावर बंधनकारक आहे. निर्णय पटला नाही तर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील. वकील लागत नाही, कोर्ट फी लागत नाही. साध्या कागदावर मुलाची इयत्ता, त्याला काय येत नाही, जादा तास कधी मागितले आणि कुणी नाकारले, एवढे लिहा. आवक शिक्क्यासह पोच मात्र घ्या, नाहीतर ते तीन महिने मोजायचे कुठून?