सरासरी पावसाचा फसवा हिशेब

हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरते. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, एकूण मोसमी पाऊस मात्र घटला. अतिवृष्टीने धरणे तरी भरतील, असा आक्षेप येतो. पण कोयना धरणाची साठवणक्षमता १०५ टीएमसी (अब्ज घनफूट); ते जुलैतच भरले तर ऑगस्टच्या पुराला जागा उरत नाही आणि रिकामे ठेवल्यावर पावसाने दडी मारली, तर पुढचा उन्हाळा कोरडा. नवी धरणे बांधूनही हा पेच सुटत नाही. सरासरी किती फसवी असते ते पाहा: ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, तेव्हा मराठवाड्यातील अनेक गावे टँकरवर होती. म्हणून धरणात केव्हा किती पाणी ठेवायचे हे ठरवणारी जलाशय परिचलन सूची जुन्या सरासरीवर न ठेवता ताज्या पूर्वानुमानानुसार सतत बदलायला हवी.