लाइन आली, टीव्ही गेला!

नवतपा लागला की यवतमाळच्या दत्त चौकापासून झरी-जामणीपर्यंत जिल्ह्याच्या १६ही तालुक्यांत कूलरची एकच घरघर. पारा ४४-४५ वर, डीपीच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण, आणि ऐन झोपेच्या वेळी लाइन गुल! ती परत येते खरी, पण कधी कधी येताना टीव्ही नाही तर फ्रीज गारद करते. वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी ही थोडी गमतीची, बरीच कामाची माहिती वाचा.

भुर्दंड काटकसरी माणसालाच

डीपीत ११,००० व्होल्ट शिरतात आणि साधारण ४३३ होऊन बाहेर पडतात. हे झालं दोन फेजांमधलं व्होल्टेज. एक फेज आणि न्यूट्रल मिळून घरात येतात २३०. ही न्यूट्रलची तार तुटली की सगळा हिशेब बिघडतो. ज्या फेजवर कूलर-एसी जास्त, तिथले बल्ब मिणमिणतात. ज्या फेजवर वापर कमी, तिथलं व्होल्टेज ४०० कडे धावतं. म्हणजे सगळं बंद ठेवून फक्त टीव्ही पाहणाऱ्याचाच टीव्ही जळतो!

चारशे म्हणजे तिप्पट

२३० चे ४०० झाले तर ताप पावणेदोन पट वाढेल असं वाटतं ना? चूक. गिझरच्या कॉइलमधली उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे थेट तिप्पट. उलट व्होल्टेज १८० वर आलं, तर तोच गिझर जेमतेम ६० टक्के ताकदीने चालतो.

एमसीबी पडली कशी नाही?

कारण ती मोजते करंट. व्होल्टेजशी तिला देणंघेणं नाही. जर्मनीच्या ह्यूगो श्टॉट्झ यांच्या कंपनीने १९२४ मध्ये पेटंट घेतलेलं हे बटण आजही तेच काम चोख करतं. ६ अँपिअरच्या सॉकेटची ऐपत १,३८० वॉटची. त्यावर एक्स्टेंशन लावून १,००० ची इस्त्री आणि १,५०० ची किटली एकदम चालवली, तर करंट ११ अँपिअरच्या घरात जातो. मग प्लग काळा पडणार, नाही तर एमसीबी पडणार.

पडलेली एमसीबी नुसती वर ढकलून बसत नाही. आधी पूर्ण खाली दाबा, मग वर करा. पुन्हा पडली तर सगळे प्लग काढा आणि एकेक लावत जा. ज्याच्यावर पडेल तो चोर. काहीच लावलेलं नसताना पडली, तर दोष वायरिंगमध्ये, इलेक्ट्रिशियनला बोलवा.

टीव्हीतला पहारेकरी

बहुतेक टीव्हींच्या पॉवर सप्लायमध्ये बोटाच्या नखाएवढी एक चकती असते. मेकॅनिक तिला एमओव्ही म्हणतात. २३० व्होल्टच्या लाइनची उसळी खरं तर ३२५ पर्यंत जाते. ४०० च्या लाइनची ५६६ पर्यंत. चकतीची सहनशक्ती साधारण ४७० ची. त्यापुढे ती स्वतः शॉर्ट होते, शेजारचा फ्यूज उडतो आणि पुढचा बोर्ड पुष्कळदा वाचतो. म्हणून मेकॅनिकला आधी फ्यूज, चकती आणि माथा फुगलेला कपॅसिटर तपासायला सांगा; हे सुटे भाग स्वस्तात मिळतात. टीव्ही स्वतः मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही त्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट दबा धरून बसलेले असू शकतात.

फ्रीज रुसला, मेला नाही

लाइन आली, फ्रीज 'टक्' करून गप्प? कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब उतरलेला नसतो, मोटर अडते आणि ओव्हरलोड रिले तिचा करंट तोडतो. पाच मिनिटं फ्रीज बंद ठेवा. स्टॅबिलायझर लाइन आल्यावर थोडा वेळ थांबतो तो याचसाठी.

चार्जर का टिकतो?

मोबाइलच्या चार्जरवर बारीक अक्षरात १००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणून डिम लाइटमध्ये पंखा रांगतो, पण मोबाइल मजेत चार्ज होतो. पूर्ण व्होल्टेजवरही पंखा गुणगुणतो पण फिरत नसेल, तर संशय २.५ मायक्रोफॅरडच्या छोट्या कपॅसिटरवर घ्या.

कूलरशी गंमत नाही

पंप घुरघुरतो पण पाणी चढत नाही? बोअरच्या पाण्यातले क्षार पंपातल्या पंख्यात अडकलेले असतात. प्लग काढून धुवा. बटण बंद करणं पुरेसं नाही. पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर कूलर लगेच बंद करा आणि अर्थिंग तपासून घ्या. घरात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी असेल, तर गळणाऱ्या करंटवर ती क्षणात लाइन तोडते. एमसीबीला ते जमत नाही.

आणि शेवटचं

बल्ब अचानक भगभगले की कारण शोधत बसू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १९१२ वर तक्रार नोंदवा. तक्रार क्रमांक, वेळ आणि दुरुस्तीची पावती जपून ठेवा. भरपाई मागायची तर हाच पुरावा. आणि मेन स्विच कुठे आहे, हे घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना आजच दाखवून ठेवा.