सहा जणांचा सातबारा

पुसेगावात बहिणीच्या अंगणात शिजवलेली हळद वाळत पडली होती. तिच्या राखणीला बसलेल्या भाचीच्या मोबाइलवर सहा पोरे खुर्च्या फिरवत, खुर्च्यांवर उभी राहत नाचत होती. मी विचारले, "हेच का ते बीटीएस?" ती माझ्याकडे दयेने बघत म्हणाली, "नाही मामा, हे लय जुने हायेत. तुमच्या वयाचे."

पोरगी खरे बोलत होती. एरिक, ली मिन-वू, किम दोंग-वान आणि शिन हे-सॉन्ग हे चौघे 1979 चे, जॉन जिन 1980 चा, अँडी 1981 चा. 'शिन्ह्वा' म्हणून ते पहिल्यांदा मंचावर आले 24 मार्च 1998 ला. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा निघाला 1 मे 1999 रोजी. म्हणजे हा फड आपल्या जिल्ह्याहून वर्षभराने थोरला.

शिन्ह्वा म्हणजे कोरियन भाषेत पुराणकथा, दंतकथा. पोरांनी अजून काही केलेलेही नव्हते, तेव्हाच हे नाव त्यांना चिकटवले गेले. ठेवणारी कंपनी होती ली सू-मान यांची एसएम एंटरटेनमेंट. कोरियातल्या अशा कंपन्यांची रीत अशी की शाळकरी वयाची पोरे हेरायची, गाणे-नाच घोटून घ्यायचा, एकत्र ठेवायचे आणि तयार झाली की संच करून बाजारात उतरवायचे. याच कंपनीचा 'एचओटी' हा संच तेव्हा कोरियात धुमाकूळ घालत होता. शिन्ह्वाचा पहिला अल्बम आला तो देश आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कर्जाखाली दबलेला असताना. त्याला कोणी फारसे विचारले नाही. एचओटीची नक्कल म्हणून लोकांनी नाके मुरडली. दुसऱ्या वर्षी 'टी.ओ.पी.' या गाण्यात चायकोव्हस्कीच्या 'स्वान लेक'चे सूर मिसळले आणि गाडी रुळावर आली. भाचीच्या मोबाइलवरचा तो खुर्च्यांचा नाच 2001 च्या 'वाइल्ड आइज'मधला. माझ्या कानाला त्यांची निम्मी गाणी त्या काळच्या इतर दहा गाण्यांसारखीच वाटतात. पण या नाचात सहाही जण एका तालात असून एकसारखे दिसत नाहीत, आणि हे जमवणे सोपे नाही.

नेमके तेव्हाच बाकीचे संच गळू लागले. 'सेक्स कीज' 2000 मध्ये संपला, एचओटी 2001 मध्ये फुटला. पाच वर्षांत जेवढे पिळता येईल तेवढे पिळायचे आणि नवा ऊस लावायचा, असा तो धंदा. शिन्ह्वाचा करार 2003 मध्ये संपला. सहाही जण उठले आणि एकत्रच दुसऱ्या कंपनीत गेले. कोरियन संगीताच्या बाजारात हे नवल होते. पुढच्याच वर्षी 'ब्रँड न्यू' अल्बम निघाला आणि वर्षअखेरीचे मोठे पुरस्कार त्यांच्या पदरात पडले.

इथवर कथा गोड आहे. गोम होती ती नावात.

1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले. नव्या बिऱ्हाडाच्या पाटीवर 'गंधर्व नाटक मंडळी' लागली. पदवी नटाची होती, ती नटाबरोबर चालत गेली. पुढे कर्ज झाले, हाल झाले, पण ते नाव कोणी काढून घेऊ शकले नाही. शिन्ह्वाचे उलटे. घाम यांचा आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर. गाणारे तेच सहा, नाचणारे तेच सहा, पण 'शिन्ह्वा' हा शब्द व्यापारचिन्ह म्हणून कंपनीच्या मालकीचा, आणि तो एका कंपनीकडून दुसरीकडे फिरत राहिला. आपल्याकडे कसणारा एक आणि मालक दुसरा, हे सांगायला मराठवाड्यात कोणाला शब्दकोश लागत नाही.

मध्ये सक्तीची लष्करी सेवा आली. कोरियात धडधाकट पुरुषाला ती चुकत नाही. 2008 मध्ये दहाव्या वर्षाचे कार्यक्रम झाले आणि पाच जण एकामागून एक सेवेवर गेले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे शिन हे-सॉन्ग सुटला. चार वर्षे फड बंद. परत येऊन पूर्ववत उभा राहिलेला असा संच आधी नव्हता. परतण्यापूर्वीच, 2011 मध्ये, त्यांनी स्वतःची 'शिन्ह्वा कंपनी' काढली. एरिक आणि मिन-वू तिचे कारभारी झाले. मार्च 2012 मध्ये 'द रिटर्न' हा दहावा अल्बम आला, सोलच्या ऑलिंपिक क्रीडागृहात कार्यक्रम झाले. प्रेक्षागृह नारिंगी. त्यांच्या चाहत्यांचा तो ठरलेला रंग. एचओटीवाल्यांचे फुगे पांढरे, सेक्स कीजवाल्यांचे पिवळे, यांचे नारिंगी.

गर्दी आपली, कंपनी आपली, तरी नावावर दावा चालूच होता. 2015 मध्ये एकदाचे ते नाव पूर्णपणे त्यांच्या हाती आले. सतरा वर्षे लागली. मला त्यांच्या कुठल्याही गाण्यापेक्षा हा नावाच्या मालकीचा कागद मोठा वाटतो. पुढे अनेक कोरियन संच कंपनी सोडताना आधी नावाची चौकशी करू लागले.

एकत्र राहण्याची यांची युक्ती मात्र कागदात नाही. ती खटल्याच्या घरात असते तशी आहे: चुली वेगळ्या, विहीर एक. एरिक मालिकांत नट झाला. 'अनदर ओ हे-यंग'चा नायक म्हणून अनेकांना तो गायक असल्याचेही ठाऊक नाही. दोंग-वानही अभिनयात रमला, हे-सॉन्ग आणि मिन-वू स्वतंत्र अल्बम काढत राहिले. भांडणेही विहिरीवरच झाली. मार्च 2021 मध्ये एरिक आणि दोंग-वान यांची धुसफूस चारचौघांत आली. समेटही झाला, पण सहाही जणांचा अल्बम 2018 च्या 'हार्ट'नंतर आलेला नाही. विसाव्या वर्षाचा तो अल्बम होता.

2022 च्या डिसेंबरात मिन-वू, दोंग-वान आणि जॉन जिन या तिघांनी गाणी काढली. नाव ठेवले 'शिन्ह्वा डब्ल्यूडीजे'. तिघांच्या नावांतले एकेक अक्षर मागे, पुढे ते जुनेच नाव.

"मग बाकीचे तीन?" मी विचारले.

"हायेत की," भाची म्हणाली आणि हळद पालटायला उठली.