खून नसलेली रहस्यकथा: ‘ह्योका’

होनोबू योनेझावाच्या कादंबऱ्यांवरून क्योतो ॲनिमेशनने 2012 मध्ये केलेली ही 22 भागांची मालिका. (पुढे थोडं रहस्य फुटणार आहे!)

ओरेकी हा हुशार पण महाआळशी शाळकरी पोरगा. शाळेतल्या सिनेमाच्या प्रकरणात वरच्या वर्गातली इरिसू त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवते, तो ऐटीत अर्धवट सिनेमाचा शेवट शोधून देतो आणि तिथेच चुकतो. मैत्रीण मायाका विचारते, मग सिनेमासाठी मागवलेला तो दोर कशाला हवा होता? नायकाचा अहंकार एका दोराने उतरवणारं लेखन मला फार आवडलं.

त्याहून सरस ओरेकीचा मित्र सातोशी. कायम हसरा, सगळ्यात थोडा थोडा रस घेणारा. शाळेच्या महोत्सवात ओरेकीच्या आधी चोर पकडायला धडपडतो, हरतो. मित्राबद्दलचं कौतुक आणि जळफळाट एकाच चेहऱ्यावर दिसतात. पुढे मायाकाने दिलेलं चॉकलेट तो स्वतःच फोडतो, त्याचं मूळही या स्वभावातच आहे.

ओरेकीची मैत्रीण चितांदा मात्र कच्ची राहिली. डोळे मोठे करून तिने कुतूहल दाखवायचं, की कथेची गाडी सुरू! शेवटच्या भागात ती आपल्या घराण्याबद्दल, गावाबद्दल बोलते तेव्हा खरी माणूस वाटते, पण तोवर मालिका संपलेली असते.