पाणी, वॉटर आणि डा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

"माठाले वल्लं फडकं गुंडाय, पानी थंड रायते," असे आई दर उन्हाळ्यात सांगे आणि मी ते करीत असे. पण आठवीत ‘इव्हॅपोरेशन कॉजेस कूलिंग’ हे वाक्य दहादा लिहून पाठ केले, तेव्हा ते आमच्या माठाविषयीच आहे हे मला कळले नाही. कळले ते महाविद्यालयात, भूगोलाच्या तासाला ‘बाष्पीभवन’ समजले तेव्हा.

माझी शाळा सेमी-इंग्रजी होती. म्हणजे गणित व विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे विषय मराठीतून. पुढे इंजिनिअर व्हायचे तर सवय आधीच व्हावी, हा त्यामागील हेतू. चौथीपर्यंत शिकलेल्या माझ्या वडिलांनी याच आशेने तिथे माझे नाव घातले. हेतू चांगलाच, परंतु नवी कल्पना आणि नवी भाषा अशी दोन ओझी मुलावर एकदम पडतात. ज्याच्या घरी इंग्रजी जाणणारे कोणी असते, त्याचे एक ओझे घरी उतरते. आमच्या घरी ते कोण उतरवणार? मग मूल अर्थ सोडून शब्द पाठ करते. शंका इंग्रजीत विचारता येत नाही म्हणून गप्प बसते, आणि गप्प बसणारे मूल ‘ढ’ ठरते. मीही स्वतःला ढ समजूनच कला शाखेत आलो.

हा वाद आजचा नव्हे. १८४७ साली मुंबईच्या शिक्षण मंडळात अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते, तर जगन्नाथ शंकरशेट मातृभाषेच्या. १८५४ च्या वूडच्या खलित्याने उच्च शिक्षणाला इंग्रजी आणि सामान्य जनतेच्या शिक्षणाला देशी भाषा, अशी वाटणी केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे म्हटले आहे.

इथवर लिहून मी वसतिगृहातील मेळघाटच्या मित्राला वाचून दाखविले. तो कोरकू. तो म्हणाला, "तुले दोनच विषय परके होते गा. मले तर सारी शाळाच परकी होती."

मी निरुत्तर झालो. कोरकू ही मुंडा कुळातील, संथाळीच्या नात्यातील भाषा. मराठीशी तिचे गोत्र जुळत नाही. पाण्याला कोरकूत ‘डा’ म्हणतात. पहिलीत गुरुजींनी ‘पाणी’ शिकविले, तेव्हा त्याची गत आठवीतल्या माझ्यासारखीच झाली; फक्त त्याचे वय सहा वर्षांचे होते. ज्या मराठीचा कैवार घेऊन मी लिहीत होतो, तीच धारणी-चिखलदऱ्याच्या मुलाची ‘इंग्रजी’ होती!

इंग्रजी नको, असे माझे म्हणणे नाही. ती विषय म्हणून उत्तम शिकवावी. मराठीही कोरकू मुलाला यायलाच हवी. पण भाषा शिकणे वेगळे आणि न येणाऱ्या भाषेतून शिकणे वेगळे. गोष्ट एकदा आपल्या बोलीत समजली की तिचे दुसरे नाव शिकायला वेळ लागत नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कितीतरी जण उद्या शिक्षक होतील. एखादे मूल वर्गात गप्प बसलेले दिसले, तर त्याला ढ म्हणण्यापूर्वी एवढेच विचारू या : "बाबू, तुह्या घरी पाण्याले काय म्हणतात?"