खडकाला नाव कुणाचे?

परिभाषा घडवणे हे कोशकारांचे काम, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती अपुरी आहे. ज्ञान कुणाच्या तोंडच्या भाषेत बोलणार, हा त्यामागचा खरा प्रश्न असतो. वेल्श भाषेतील भूशास्त्र हा त्याचा बोलका दाखला.

वेल्स हा ब्रिटनच्या पश्चिमेचा डोंगराळ मुलूख. सेज्विक व मर्चिसन यांनी १८३५ मध्ये तिथल्या खडकांवरून 'कँब्रियन' व 'सिल्युरियन' ही कालखंडांची नावे दिली. १८७९ मध्ये लॅपवर्थने 'ऑर्डोव्हिशियन' हे नाव दिले. कँब्रिया हे वेल्सचेच लॅटिन नाव. उरलेली दोन तिथल्या प्राचीन जमातींवरून आलेली. खडक वेल्सचे, जमाती वेल्सच्या. शास्त्र मात्र इंग्रजीत! १८४७ च्या सरकारी शिक्षण-अहवालाने तर वेल्श भाषेलाच प्रगतीतला अडसर ठरवले. त्याच काळात उत्तर वेल्समधल्या खाणींत पाटीचा दगड चिरणारे कामगार वेल्शच बोलत होते.

वेल्श परिभाषा तीन वाटांनी उभी राहिली. पहिली, घरच्या शब्दांची जोडणी. 'कल्ख' म्हणजे चुना, 'माइन' म्हणजे दगड. त्यातून 'कल्खवाइन', म्हणजे आपली चुनखडीच. ग्रॅनाइट झाला 'ग्वेनिथवाइन', गव्हाचा दगड. त्याचे दाणे पाहिले की नाव आपोआप कळते. दुसरी वाट उसनवारीची: 'बसाल्ट' तसाच ठेवला. तिसरी उलट दिशेची. हिमनदीने कोरलेल्या खोलगट दरीचा वेल्श शब्द 'कूम' इंग्रजी शास्त्राने उचलला; एव्हरेस्टवरच्या 'वेस्टर्न कूम'मध्येही तो आहे.

एक पेच मात्र बोचणारा. 'कँब्रियन'ला वेल्शमध्ये 'कम्रैग' म्हणता येत नाही, कारण त्याचा अर्थ नुसता 'वेल्सचा' असा होतो. म्हणून स्वतःच्याच देशाचे लॅटिन नाव परत घेऊन 'कँब्रिआइध' करावे लागले. तरीही काम थांबले नाही. १९६३ पासून तर वेल्शमध्ये विज्ञानाचे स्वतंत्र नियतकालिक निघू लागले.

मी भूगोल शिकवतो. घरातला पहिला पदवीधर मीच. 'स्तरभ्रंश' फळ्यावर लिहिला की वर्ग गप्प होतो. 'मुरूम', 'जांभा' म्हटले की मागच्या बाकावरचीही मुले बोलू लागतात. यातला 'जांभा' पाठ्यपुस्तकात पोचला आहे. पिढ्यान्‌पिढ्या दगड फोडणाऱ्या वडारांच्या तोंडी असे आणखी किती शब्द असतील? ते कोशात यायला कुणाची परवानगी हवी? संस्कृताला माझा विरोध नाही. पण ज्याचा हात दगडाला लागला, त्याचा शब्द आधी विचारात घ्या, एवढेच मागणे आहे.