आवडत्या कंपनीचा नफा आणि काही गैरसमज

ॲपलच्या वस्तू मला मनापासून आवडतात. चार-पाच वर्षे जुन्या फोनलाही सुरक्षेच्या सुधारणा मिळत राहतात. दृष्टिहीनांना पडदा वाचून दाखवणारी ‘व्हॉइसओव्हर’ची सोय २००९च्या मॉडेलपासून आयफोनमध्ये वेगळे पैसे न आकारता दिलेली आहे. याच कंपनीने सप्टेंबर २०२४ला संपलेल्या वर्षात ३९१ अब्ज डॉलरच्या विक्रीवर ९३.७ अब्ज डॉलर निव्वळ नफा कमावला. या आकड्याचा विषय काढला की चाहते म्हणतात, त्यांच्या कष्टाचे आहे, तुमच्या पोटात का दुखते? विरोधक म्हणतात, एवढा नफा म्हणजे लूटच. दोघेही आकड्याच्या आकाराशी थांबतात. तो पैसा कोणत्या वाटेने आला, हे पाहायला हवे.

‘इतका नफा म्हणजे लूटच’

त्या वर्षी १०० रुपयांच्या विक्रीमागे साधारण २४ रुपये निव्वळ नफा राहिला. हे प्रमाण मोठे आहे, पण मोठे असणे हा गुन्हा ठरत नाही. १९९७ साली या कंपनीचा वर्षाचा तोटा सुमारे एक अब्ज डॉलर होता आणि मायक्रोसॉफ्टच्या १५ कोटी डॉलरच्या गुंतवणुकीचा तिला आधार घ्यावा लागला होता. तिथून वर येताना तिने लोकांना हव्याशा वाटणाऱ्या वस्तू बनवल्या. भारतातल्या चढ्या किमतीचे खापरही सगळे नफ्यावर फोडता येत नाही. फोनवर १८ टक्के जीएसटी आहे आणि आयात फोनवर जुलै २०२४च्या अर्थसंकल्पापर्यंत २० टक्के सीमाशुल्क होते; त्यानंतर ते १५ टक्क्यांवर आले.

‘नफा कमी झाला तर संशोधन थांबेल’

हा गैरसमज चाहत्यांमध्ये सर्वात पक्का आहे. संशोधनाचा खर्च निव्वळ नफा मोजण्याच्या आधीच वजा होतो. २०२४ मध्ये हा खर्च ३१.४ अब्ज डॉलर होता आणि तो वजा करूनच वर दिलेला नफा उरला. त्या वर्षी स्वतःचेच शेअर बाजारातून परत विकत घेण्यावर कंपनीने सुमारे ९५ अब्ज डॉलर घातले, भागधारकांना लाभांश म्हणून आणखी १५ अब्ज दिले. या दोन्हींची बेरीज त्या वर्षाच्या नफ्याहून जास्त भरते. भागधारकांना पैसे परत करण्यात गैर काही नाही. मात्र ‘हा नफा उद्याच्या शोधांसाठी राखून ठेवला आहे’ असे म्हणता येणार नाही.

‘सगळा नफा फोन विकून येतो’

माझा आक्षेप इथे सुरू होतो. फोन, संगणक, घड्याळे यांच्या विक्रीत २०२४ मध्ये १०० रुपयांमागे ढोबळ नफा (फक्त थेट खर्च वजा करून उरणारा) साधारण ३७ रुपये होता. सेवांमध्ये, म्हणजे ॲप स्टोअर, जाहिराती, वर्गण्या, साठवणुकीची जागा यांत, तो जवळजवळ ७४ रुपये होता. त्या वर्षी विक्रीत सेवांचा वाटा चौथाईहून किंचित कमी, पण ढोबळ नफ्यात तो चाळीस टक्क्यांच्या घरात होता.

ॲप स्टोअरचेच घ्या. पुण्यातल्या एखाद्या छोट्या चमूने मुलांना गणित शिकवणारे ॲप केले आणि महिन्याला १०० रुपये वर्गणी ठेवली, असे समजू. २००८ मध्ये दुकान उघडले तेव्हापासूनचा मूळ दर ३० टक्के, म्हणजे चमूच्या हाती ७० रुपये. वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत कमाई असणाऱ्यांना जानेवारी २०२१पासून हा दर १५ टक्के आहे. अनेकांना वाटते की कमिशन प्रत्येक व्यवहारावर लागते. तसे नाही. ॲपवरून जेवण मागवले, टॅक्सी बोलावली तर ते लागत नाही. ते लागते डिजिटल मालावर, म्हणजे वर्गणीवर, खेळातल्या नाण्यांवर. दुकान चालवायला खर्च येतो, ॲप तपासायला माणसे लागतात, हे मला मान्य आहे. पण रस्त्याचा खर्च कधीच वसूल झालेला असताना टोलनाका जुन्याच दराने चालू राहावा, तसे हे वाटते.

आणखी एक वाट पाहा. आयफोनच्या ‘सफारी’ ब्राउझरमध्ये काही शोधले की शोध गूगलकडे जातो. आपण बदलले नाही तर तेच ठरलेले असते. या जागेसाठी गूगलने २०२२ या एका वर्षात ॲपलला २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या गूगलविरुद्धच्या मक्तेदारी खटल्यात उघड झाले. ग्राहकाची खासगी माहिती जपते म्हणून मी या कंपनीचा आदर करतो. जाहिरातींसाठी माहिती गोळा करणाऱ्या कंपनीला आपल्या ग्राहकांचे शोध पाठवून आलेले हे पैसे त्या आदराशी जुळत नाहीत.

‘नको असेल तर घेऊ नका’

हे फोन घेणाऱ्याला लागू पडते. गणिताचे ॲप बनवणाऱ्या चमूला तितकेसे नाही, कारण त्यांचे गिऱ्हाईक आयफोनवर असेल तर त्यांनाही तिथे जावेच लागते. युरोपीय संघाच्या कायद्यामुळे मार्च २०२४पासून तिथल्या आयफोनवर दुसऱ्या दुकानांना वाट मिळाली. भारतात अशी वाट नाही. ‘आमच्या संकेतस्थळावर हीच वर्गणी स्वस्त आहे’ एवढे सांगण्याचीही ॲपना बंदी होती. एपिक गेम्स या व्हिडिओ गेम कंपनीने केलेल्या खटल्यात बहुतेक मुद्दे ॲपलने जिंकले, तरी ही बंदी अमेरिकेतल्या न्यायालयाने २०२१ मध्ये बेकायदा ठरवली. मग कंपनीने बाहेरच्या दुव्यावरून झालेल्या खरेदीवर २७ टक्के आकारायला सुरुवात केली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायाधीशांनी हा आदेशाचा जाणूनबुजून केलेला भंग असल्याचा निर्णय दिला.

‘कायद्यात बसते, मग बोलायचे काय?’

कायद्यात काय बसते हे पुष्कळदा कोणीतरी विचारल्यावरच ठरते. आयर्लंडमधल्या करसवलतींमुळे ॲपलच्या एका कंपनीचा युरोपातल्या नफ्यावरचा प्रत्यक्ष कर २०१४ मध्ये ०.००५ टक्क्यापर्यंत उतरला होता, असे युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये म्हटले आणि १३ अब्ज युरो वसूल करायला सांगितले. २०२० मध्ये खालच्या न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. वसुली व्हावी असे २०१६ मध्ये आयर्लंडच्या सरकारलाही वाटत नव्हते.

‘ग्राहकाने बोलून काय फरक पडतो?’

फरक पडतो. बॅटरी जुनी झाली की कंपनी फोनचा वेग कमी करते, हे डिसेंबर २०१७ मध्ये बाहेर आले. ओरड झाली ती मुख्यतः वापरणाऱ्यांचीच. कंपनीने माफी मागितली आणि वॉरंटीबाहेरच्या फोनची बॅटरी बदलण्याचा दर अमेरिकेत ७९ डॉलरवरून वर्षभरासाठी २९ डॉलर केला. २ जानेवारी २०१९ रोजी कंपनीचे प्रमुख या नात्याने टिम कुक यांनी गुंतवणूकदारांना पत्र लिहून विक्रीचा अंदाज खाली आणला. मुख्य कारण चीनमधली मंदावलेली मागणी होते, पण स्वस्तात बॅटरी बदलून घेणारे ग्राहक हेही एक कारण त्या पत्रात आहे. म्हणजे नवी बॅटरी मिळाल्यावर लोकांचा जुना फोन पुरत होता.

भारतीय स्पर्धा आयोगानेही डिसेंबर २०२१ मध्ये ॲप स्टोअरच्या नियमांची चौकशी करण्याचा आदेश दिला. माझी मागणी त्याहून साधी आहे. कंपनीच्या वार्षिक अहवालात सेवांचा आकडा एकत्र येतो. ॲप स्टोअरचा नफा किती आणि गूगलकडून आलेली रक्कम किती, हे वेगळे दाखवले जात नाही. ते वेगळे दाखवावे.